येणारीला सांगितलं का?

९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

पत्र पाहून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर तू बोलतेस आणि मी हुंकार देते. पत्रात निदान पान संपेपर्यंत मला कुणी तोडत नाही.

तर, मला दिवस गेलेत. तिसरा महिना संपत आलाय. बाबांना सांगितलं तेव्हा ते "बरं झालं" म्हणाले आणि भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला उठले. सकाळीच दिली होती. डेपोत मी कुणाला बोलले नव्हते, पण दुरुस्ती विभागातल्या काकांनी ओळखलं. डिझेलचा वास आला आणि मी त्यांच्यासमोरून तोंड दाबून पळाले. आठ वर्षं त्याच वासात बसून चालकांच्या ड्युट्या लावतेय, आता तोच सोसेना.

प्रश्न असा आहे की बाळंतपणासाठी नाव कुठे घालायचं. पुलापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात तुझा जावई चौकशीला गेला आणि येऊन म्हणाला, "तिथे नको."

"का? डॉक्टर कसे आहेत?"

"डॉक्टर नाही पाहिले. लिफ्ट पाहिली. स्ट्रेचर आत सरळ जात नाही, उचलून तिरका करतात. तू काय कपाट आहेस?"

लिफ्टदुरुस्ती करणाऱ्याशी लग्न केलं की हे असं असतं.

उरले दोन दवाखाने. एक हसऱ्या डॉक्टरांचा. त्यांचं खरं नाव पाटीवर आहे, पण गल्लीत सगळे हसरे डॉक्टरच म्हणतात. छोटं प्रसूतिगृह, पुढे बाग. त्यांचा शब्द असा की तपासणारा मी, सोडवणारा मीच, मध्ये दुसरा हात लागणार नाही. दुसरा दवाखाना चौघींचा. आरशांच्या दुकानावर वरचे दोन मजले. चार डॉक्टर बायका मिळून चालवतात. तपासायला आज ही, पुढच्या वेळी ती. बाळंतपणाच्या वेळी जिची ड्युटी असेल ती.

आई नाही म्हणून तुला विचारते, असं लिहिलं तर तू चिडशील. म्हणून खरं तेच लिहिते. आई असती तरी तुलाच विचारलं असतं.

तुझी,
बारकी

१६ ऑगस्ट

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

हुंकार देणारीनं एवढं मोठं पत्र लिहिलं, म्हणजे पोटात काहीतरी खळबळ आहे खरी! आनंद झाला. शेजारणीला दारातच थांबवून सांगितलं. ती मीठ मागायला आली होती, ते तसंच राहिलं.

आता उत्तर. हसऱ्या डॉक्टरांकडे जा. उद्याच जा.

जावयाची लिफ्ट बाजूला ठेव. मूल म्हणजे काही सभेचा ठराव नव्हे, की एकीनं मांडला, दुसरीनं अनुमोदन दिलं आणि तिसरीनं इतिवृत्तात लिहिला. चौघींची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही. काही बिनसलं तर पहिली दुसरीकडे बोट दाखवेल, दुसरी तिसरीकडे, आणि चौथी रजेवर असेल. जो शब्द देतो त्याला धरता येतं. मंडळाला धरायला गळपट्टी नसते!

इतिहास उघड. बाळंतिणी तापानं पटापट मरत होत्या आणि मोठमोठी मंडळं हवेला दोष देत बसली होती. एकच तरुण डॉक्टर उठला आणि म्हणाला, प्रेतं चिरलेले हात धुवा आणि मग बाईला शिवा. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण बायका वाचल्या त्या त्याच्या हट्टामुळे, मंडळांमुळे नव्हे. असा एकटा, जबाबदार, नाव-चेहरा असलेला माणूस तुझ्या उशाशी हवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ज्याला पहिल्या कळेपासूनचं सगळं ठाऊक आहे, जो मध्येच पिशवी उचलून घरी जात नाही.

हे मी तुला सल्ला म्हणून सांगत नाही. बजावून सांगतेय.

लोह नीट घे. डेपोत जिने चढू नकोस.

आत्या

३० ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. जावई म्हणाला, "टाळ्या कुठे वाजवायच्या तेही लिहायला सांग."

बजावलंस म्हणून गेले. हसरे डॉक्टर खरंच हसरे आहेत. खोलीत ऊन येतं, खुर्च्यांना पाठ आहे, माणूस घाई करत नाही. मला आवडले. जवळजवळ नाव घालूनच येणार होते. पण बाहेर बाकावर बसले होते तेव्हा दोघींचं बोलणं कानावर पडलं.

"तुमची कधी?"

"माझी मंगळवारची."

"आमची गुरुवार. जावेचीही गुरुवारचीच होती."

मी मध्ये पडले. "वार कसा कळला तुम्हाला?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या, पहिलटकरणीकडे बघून हसतात तसं. "डॉक्टरांनी दिलाय ना! महिने भरत आले की ते वार देतात. सकाळी यायचं, सलाइन लावतात, संध्याकाळपर्यंत मोकळं."

आत गेल्यावर मी विचारलं, "डॉक्टर, आणि मला रविवारी कळा सुरू झाल्या तर?"

"माझ्याकडे रविवारी सुरू होत नाहीत," ते म्हणाले आणि हसले. सिस्टर हसली. मीही हसले. मग बागेतून चालत फाटकापाशी येईपर्यंत माझं हसू गळून पडलं.

आत्या, मी ड्युट्या लावणारी बाई आहे. एकच चालक रोज तीच गाडी चालवतो, कधी बदली लागत नाही, असं कुणी सांगितलं की मी आधी वेळापत्रक मागते. एक तर चालक पेंगत असतो, नाहीतर गाडी प्रवाशांच्या वेळेला न सुटता त्याच्या वेळेला सुटते. हसऱ्या डॉक्टरांनी शब्द पाळलाय, यात खोट नाही. पण तो पाळता यावा म्हणून ते सगळ्यांची गाडी स्वतःच्या वेळेवर काढतात. गरज पडली तर कळा आणाव्या लागतात, हे मला कळतं. माझ्या मैत्रिणीला तशाच आणल्या आणि ते योग्यच होतं. पण गरज तिची होती.

आणि एक सांगू? आयुष्यभर टेलिफोन खात्यात "संघटना, संघटना" करून तू गेटवर घसा बसवून घेतलास. एकटा माणूस कितीही भला असला तरी पुरा पडत नाही, हे मी तुझ्याच तोंडून शिकले. मग बाळंतपण आलं की एकदम एकट्या पुरुषाचा शब्द? हे कुठलं गं तत्त्वज्ञान?

रागावू नकोस. रागावशीलच म्हणा.

बारकी

६ सप्टेंबर

बारके,

तत्त्वज्ञान मला शिकवू नकोस. संपाच्या वेळी दारावर पहारा देणारी बाई थकली तर दुसरी येते, आणि फार तर एक फाटक उघडं राहतं. तू जिथे निघाली आहेस तिथे फाटक नाही, माणूस असतो.

मंगळवार तर मंगळवार! काय बिघडलं? मुलाला वार कळतो का? निदान दिवसाढवळ्या, जागं माणूस शेजारी असताना होईल. तू चौघींच्या नादाला लागू नकोस.

या विषयावर माझं हे शेवटचं पत्र. बाकी ठीक.

आत्या

११ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

शेवटच्या पत्राला उत्तर देऊ नये म्हणतात, पण देते. तू महिनाभर फोनही घेतला नाहीस. घेतलास तेव्हा हवामान सांगितलंस. तू आणि हवामान! 

पोटातलं आता हलतं. डेपोत दुपारच्या पाळीचा तक्ता लावत होते, तेवढ्यात आतून टिचकी बसली. मी दोन चालक एकाच गाडीवर टाकले. दोघंही स्टिअरिंगपाशी जाऊन भांडत बसले. सगळ्या डेपोला कळलं.

नाव अजून कुठेच घातलेलं नाही. तपासण्या कोपऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात चालल्यात. तिथल्या सिस्टरनं काल झापलं, "बाई, पाचवा महिना संपत आला. ऐनवेळी रिक्षात बाळंत होणार का?" तिचं बरोबर आहे. पण तू नको म्हणतेस तिथे माझा पाय उचलत नाही, आणि तू म्हणतेस तिथे मन जात नाही. आई गेल्यावर माझी पहिली साडी तू घेतलीस, नोकरीच्या मुलाखतीला दाराबाहेर तू बसलीस. तुझ्याविरुद्ध जाऊन एवढी मोठी गोष्ट मी आजवर केलेली नाही.

म्हणून बाबांना विचारलं. "बाबा, आत्या एवढी का अडून बसलीय?"

"तिला एकाच माणसाचा भरवसा वाटतो."

"पण का?"

"चहा गार होतोय तुझा."

चहा केलेलाच नव्हता, आत्या.

मी तुला टोमणा मारला, तो मला वाटला तेवढा हलका नव्हता बहुतेक. कुठे लागला ते सांगशील? नाही सांगितलंस तरी चालेल. पण मग हवामान सांगू नकोस.

बारकी

२० ऑक्टोबर

बारके,

आत्याला मूल झालं नाही, असं तू लहानपणापासून ऐकत आलीस. मीही तेच सांगायचे. सभा, मोर्चे, तुरुंगाची हवा, त्यात मूल कुठून होणार, असं म्हणून हसायचे. लोकांना पटायचं.

मला मुलगी झाली होती. तुझ्या बाबांना आणि तुझ्या आईला माहीत होतं. आता तुला.

मोठा वॉर्ड होता. हिरवे पडदे, त्यातला माझा अर्धा फाटलेला. एक सिस्टर होती, हनुवटीवर तीळ असलेली. ती पोटाला लाकडी नळी लावून ऐकायची. हात ऊबदार होते तिचे. एकदा ऐकता ऐकता तिच्या कपाळावर आठी आली. पुन्हा ऐकलं. म्हणाली, "ठोके जरा मंदावतायत. डॉक्टरांना सांगते हं." आणि गेली. थोड्या वेळानं पाळी बदलायची घंटा झाली. ती सिस्टर वॉर्डाच्या दारातून जाताना दिसली, खांद्याला पिशवी, पायात बाहेरच्या चपला. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली. मला वाटलं, सांगितलं असेल.

येणारीनं वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. मी हाक मारली. म्हटलं, मघाच्या बाई म्हणाल्या ठोके मंदावतायत. ती म्हणाली, "मला तसं कुणी काही सांगितलेलं नाही. तुमची पाळी आली की बघते. पहिलटकरणी फार घाबरतात." मी पुन्हा म्हटलं. मग तिनं उत्तरही दिलं नाही.

जाणारी वाईट नव्हती. येणारीही वाईट नव्हती, पुढे तिच्या डोळ्यांत पाणी मी पाहिलं. दोघीही आपापल्या पाळीत चांगल्या होत्या. माझी मुलगी दोन पाळ्यांच्या मधल्या जागेत गेली.

गेटवर मोठ्यानं बोलायला मी त्यानंतर लागले. लोक तोफ म्हणायला लागले. तोफ कुठे ओतली गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हा तुझं तत्त्वज्ञान बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. जिथे वाटेल तिथे नाव घाल, पण घाल. रिक्षात बाळंत होऊ नकोस.

आत्या

८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझ्या पत्रावर काय लिहायचं ते मला येत नाही. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. म्हणून मला येतं ते केलं आणि तेच सांगते.

मी चौघींकडे गेले. त्या दिवशी त्यांच्यातल्या खणखणीत बाई होत्या. वयानं मोठ्या, आवाज असा की खालच्या दुकानातले आरसे हलावेत. मी म्हटलं, "डॉक्टर, मला एकच विचारायचंय. बाई अर्ध्यात असते आणि तुमची पाळी बदलते, तेव्हा तुम्ही काय करता?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे कुणी विचारत नाही. टाके किती पडतात ते विचारतात. तुम्हाला का विचारावंसं वाटलं?"

"माझ्या आत्याची मुलगी पाळी बदलताना गेली."

त्या लगेच उठल्या.  जिन्यानं वर नेलं, बाळंतपणाची एक खोली रिकामी होती तिथे. म्हणाल्या, "झोपा." दुसऱ्या डॉक्टरांना हाक मारली. त्या सगळ्यांत लहान, केस नेहमी अर्धे ओले. एक खाटेच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला. जाणारी बोलते. बाई कधी आली, पिशवीचं तोंड किती उघडलंय, ठोके कसे आहेत, कशाची काळजी वाटते. काळजी हा शब्द आलाच पाहिजे, नसेल तर "काळजी नाही" म्हणायचं. येणारी ते सगळं आपल्या तोंडानं परत म्हणते. चुकलं तर जाणारी तिथेच सुधारते. मग दोघी खाटेवरच्या बाईकडे बघतात आणि विचारतात, "आता तुम्ही सांगा. आमचं काही राहिलं?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय जाणारीनं खोलीचं दार ओलांडायचं नाही.

मी झोपल्या झोपल्या हसले. त्यांना वाटलं गुदगुल्या झाल्या. मी सांगितलं, "आमच्या डेपोत हेच आहे. उतरणारा चालक गाडीच्या दारात उभा राहून सांगतो, डावा आरसा सैल आहे, ब्रेक खाली लागतो. चढणारा परत म्हणतो. म्हटल्याशिवाय चावी द्यायची नाही."

"आणि तुमच्याकडे तिसरं कुणी बोलतं का? प्रवासी?"

"प्रवासी नुसते ओरडतात."

खणखणीत बाई एवढ्या हसल्या की खालून दुकानदार बघायला आला.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला त्या वेळी बोलता आलं नाही तर तुमच्या वतीनं कोण बोलेल?" तुझा जावई दारात उभा होता. तो लिफ्टच्या खड्ड्यात एका दोरावर लटकतो, पण रक्त तपासायला माझ्या बोटाला सुई टोचली तेव्हा जमिनीवर बसला. त्यानं स्वतःच मान हलवली. मी म्हटलं, "माझी आत्या."

"त्यांना बोलता येतं ना नीट? काही जणी बुजतात."

मी म्हटलं, "हो, जरा बोलते ती."

नाव घातलंय, आत्या. आता तू ये. फेब्रुवारीच्या सुरुवातीला.

बारकी

१७ नोव्हेंबर

बारके,

नाव घातलंस ते चांगलं केलंस. मी येणार नाही.

कोर्टात ये म्हण, येते. मोर्चाच्या पुढे ये म्हण, या गुडघ्यांनी येते. त्या खोलीत नाही. त्यानंतर मी कुठल्याही बाळंतिणीच्या खाटेपाशी उभी राहिलेली नाही. तू झालीस तेव्हाही नाही. तुझ्या आईला मी घरी आल्यावर भेटले, बारशाच्या आधी.

तुझ्या चौघींची पद्धत चांगली आहे. पण ऐक, कागदावर आमच्या वॉर्डाचीही पद्धत चांगलीच होती. भिंतीवर चौकटीत लावली होती. दमलेली बाई घरी जायच्या घाईत काय करते, तोच खरा नियम असतो. बाकी सगळी सजावट. मोकळ्या खाटेवर नाटक करून दाखवणं सोपं असतं!

जावयाला म्हणावं, डोळे मिटून उभा राहा. कान उघडे ठेव.

आत्या

२ डिसेंबर

ती. आत्यांस,
साष्टांग नमस्कार.

मी पत्र लिहीत नाही. कामावर "दार घासते, तेल दिले" एवढंच लिहितो. तरी लिहितो.

चौघींची लिफ्ट पाहिली. चांगली आहे. स्ट्रेचर सरळ जातो आणि शेजारी एक माणूस उभा राहू शकतो. एकच. तिथे मी उभा राहिलो तर दुसरा स्ट्रेचर मागवावा लागेल.

ती तुम्हाला परत विचारणार नाही. तुमच्याच घराण्यातली आहे. पण तुमची खोली तिनं झाडून ठेवली आहे आणि तिथे कपडे वाळत घातले की माझ्यावर ओरडते.

तुम्ही म्हणता ते मला पटतं. दमलेला माणूस विसरतो. मीही एकदा दार उघडं ठेवून घरी गेलो होतो, साहेबानं पाहिलं म्हणून बरं. म्हणूनच म्हणतो, न दमलेलं एक माणूस खोलीत पाहिजे. तुम्हाला दमलेलं मी कधी पाहिलं नाही.

चुकलंमाकलं माफ करा.

आपला,
जावई

२४ मार्च

प्रिय आत्या,

तू गेल्यापासून घर एकदम शांत झालंय. मुलगीसुद्धा चमकून बघते, आवाज कुठे गेला म्हणून. अंगावर पीत नव्हती ती आता पिते, वजन वाढतंय. बाबा रोज येऊन घड्याळाला किल्ली देतात आणि तिच्याकडे बघत बसतात. परवा तिला म्हणत होते, "तुझी आजी तोफ आहे, ठाऊक आहे का?" आजी तू. तशी आतेआजी, पण एवढं लांब कोण म्हणणार? नाव अजून ठरत नाही, पण हाका मारायला काही अडत नाही.

आमच्या शेजारचीही बाळंत झाली. हसऱ्या डॉक्टरांकडेच, मंगळवारीच, आणि सगळं छान झालं. बाळ-बाळंतीण खुशीत आहेत. हे तुला कळवायलाच हवं, नाहीतर मी माझीच बाजू सांगतेय असं होईल.

आता मुद्द्यावर येते. तू इथे महिनाभर राहिलीस. दुधापासून जागतिक राजकारणापर्यंत सगळं मला ऐकवलंस. एक गोष्ट मात्र मी विचारली की तू उठून धुणं वाळत घालायला जायचीस. म्हणून पत्रात विचारते. पत्रातून तुला उठून जाता येणार नाही.

मला आठवतं ते एवढंच. खिडकीतून उजाडलं होतं आणि कुणीतरी दिवा बंद केला. खणखणीत बाई या बाजूला होत्या, डोळे लाल. त्या बाजूला ओल्या केसांच्या डॉक्टर येऊन उभ्या राहिल्या. एक बोलली, दुसरीनं परत म्हटलं. "काळजी नाही," हे मी ऐकलं. मग दोघी माझ्याकडे वळल्या, "आता तुम्ही सांगा, काही राहिलं?" आणि नेमकी तेव्हाच कळ आली. मला भिंत दिसत होती, तोंडातून शब्द निघत नव्हता. सांगायचं काही होतं की नव्हतं, तेही मला कळत नव्हतं. मग तुझा आवाज आला. शब्द नाही कळले. त्यानंतर सगळे एकदम हलले, मला कुशीवर धरून ठेवलं, पोटाला बाळाचे ठोके मोजणारा पट्टा आला, आणि त्या ओल्या केसांच्या डॉक्टर शेवटपर्यंत त्या पट्ट्यावरून नजर काढत नव्हत्या.

काल तपासणीला गेले तेव्हा त्यांनी सांगितलं, "तुमच्या आत्यांनी सांगितलं ते फार बरं झालं. आम्हाला ते माहीतच नव्हतं."

मी म्हटलं, "काय सांगितलं?"

"त्यांनाच विचारा. वाक्य त्यांचं आहे."

जावई म्हणतो, "सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माणूस पाहिजे होतं ना आत्यांना? मग होतं की." तो दाराबाहेर होता, त्यालाही शब्द माहीत नाहीत. त्याला वाटतं तू भाषण केलंस.

काय म्हणालीस तू?

बारकी

१ एप्रिल

बारके,

तू उताणी होतीस तेव्हा ठोके खाली गेले. सिस्टरनं पाहिलं, तुला डाव्या कुशीवर वळवलं, ते वर आले. ती डॉक्टरांना सांगायला दारापर्यंत गेली, तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या बाईला तातडीनं शस्त्रक्रियेला नेलं आणि सिस्टर तिच्यामागे धावली. खणखणीत बाईंना कळलंच नाही. तू कळेसरशी पुन्हा उताणी झालीस. माझ्या डोळ्यांसमोर झालं सगळं.

तुझ्या तोंडून शब्द निघेना तेव्हा त्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं. माझे पाय दाराकडे वळले होते, खोटं सांगत नाही. मी म्हटलं, "हिला उताणी झोपवू नका. ठोके पडतात. सिस्टरनं पाहिलंय, ती इथे नाही."

ओल्या केसांची म्हणाली, "उताणी झोपवायचं नाही. ठोके पडतात. सिस्टरनं पाहिलंय. बरोबर?"

मी "बरोबर" म्हटलं.

मग खणखणीत बाई, ज्यांची पाळी संपली होती, त्या पिशवी खाली ठेवून सिस्टरला गाठायला स्वतः गेल्या आणि विचारून परत आल्या. मग घरी गेल्या.

भाषण वगैरे काही नाही. जन्मभर बोलले. टाळ्या पडल्या, एकदा दगडही पडला. माझं वाक्य जसंच्या तसं परत म्हणून, वर "बरोबर?" असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पोरगी पालथी पडायला लागली की फोन कर. तू बोल. मी हुंकार देईन.

आत्या